दोन जिनांची एक जाळी

आमच्या कापसाच्या जिनात जाळी वर्षातून एकदा उगवत असे. हंगाम भरात आला की नागपूरकडून फॅक्टरी इन्स्पेक्टर साहेब येत. ते येण्याच्या आदल्या दिवशी फिरत्या लोखंडी लाटेभोवती हिरव्या रंगाची तारेची जाळी उभी राहायची आणि साहेबांची पाठ वळली की मावळायची. उगवायचं आणि मावळायचं हे दोन्ही काम माझ्याकडे होतं, कारण पाना माझ्या हातात होता.

या अंकाच्या संपादकांनी मला 'कारखानदारीने आपल्या जिल्ह्याच्या श्रमजीवनात घडवलेली स्थित्यंतरे' या विषयावर लिहायला सांगितलं आहे. ते वाक्य मी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. स्थित्यंतराबद्दल मला काही सांगता येईल असं वाटत नाही. जाळीबद्दल मात्र माझ्याइतकं नांदुऱ्यात दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

आम्ही मूळचे रोहिणखेडच्या अंगाचे लोहार. वडील गावाचे झिजलेले फाळ शेवटायचे, विळे पाजवायचे, बंडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. मी हातोडीला बरा होतो. नांदुऱ्याच्या जिनातल्या इंजिनाचा एक दट्ट्या मी वडिलांच्या भात्यावर सरळ करून दिला, आणि तो चालला. तेवढ्यावर मला फिटर केलं. गावात मी 'किसन लोहार' होतो, नांदुऱ्याच्या स्टेशनावर उतरलो की 'किसन मिस्त्री' व्हायचो. बारा कोसांत माणसाला एवढी बढती दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत असेल असं मला वाटत नाही.

ज्यांनी जिन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतातून येतो तो कापूस. त्यातली सरकी काढली की उरते ती रुई, आणि रुई दाबून बांधली की होते गठाण. सगळा धंदा एवढाच. पूर्वी हे काम बाया घरच्या ओट्यावर बसून लाकडी रेच्यावर करत. दोन रूळ, एक दांडा. कापूस अलीकडून घालायचा, रुई पलीकडे निघते, सरकी पायाशी पडते. पोर रडलं की रेचा थांबायचा. शेजारीण आली की रेचा थांबायचा. जिन म्हणजे तोच रेचा, फक्त त्याला थांबायचं कळत नाही.

लांबच लांब टिनाची शेड, तिच्यात एका रांगेत तीस यंत्रं, त्यांनाही जिनंच म्हणायचं, प्रत्येक जिनापुढे एक बाई. बाईनं दिवसभर उभं राहून कापूस चारायचा. जिनांच्या खाली एक बोळ, आणि त्या बोळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारा लोखंडी दांडा, त्याला आम्ही लाट म्हणतो. इंजिन लाटेला फिरवतं, लाटेवरून चामड्याचे पट्टे वर जिनांकडे जातात. हवेत रुईचा एवढा भुगा, की संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या पंचवीस वर्षांच्या बाईचे केसही सासूसारखे पांढरे दिसायचे.

आणि भोंगा. जिनाशी ज्यांचं काही देणंघेणं नव्हतं तेही भोंग्यावर उठायला आणि जेवायला लागले. एकदा वाफेची नळी फुटली आणि दुपारचा भोंगा वाजलाच नाही, तर शाळेच्या मास्तरांनी मुलांना मधली सुट्टी दिली नाही. पालक भांडायला गेले, तेव्हा मास्तरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

जिनात तऱ्हेतऱ्हेचे लोक येत. एकदा मोताळ्याकडचे एक पाटील आपल्या कापसाच्या चार बंड्या घेऊन आले. रुई निघाली, वजन झालं, पण पाटील हलेनात.

"माह्या वावरातली सरकी मले वापस पाह्यजे," ते म्हणाले. "पेरायची हाये."

मॅनेजरनी बाहेरचा सरकीचा ढीग दाखवला. दोन माणसं उंच होता तो. "घ्या की पाटील. त्यातच आहे तुमची."

पाटील जोडे काढून ढिगावर चढले. ओंजळीत सरकी घ्यायची, बोटांनी पारखायची, "ही माही नाई" म्हणून टाकायची. अर्धा तास त्यांचं हे चाललं होतं. आम्ही सगळे हसलो, मीही हसलो. पुढं काही वर्षांनी तालुक्यात ओरड सुरू झाली, की बियाणं बिघडलं, धागा आखूड निघतो, तेव्हा सरकारी माणसं येऊन गावोगाव सांगून गेली की बी मिसळू देऊ नका. पाटलांनी हे आधीच सांगितलं होतं. पण ते सरकीच्या ढिगावर उभं राहून सांगितलं होतं, आणि मॅनेजर खुर्चीवर बसले होते.

आता जाळीकडे येतो.

आमच्या मालकांची नांदुऱ्यात दोन जिनं होती. एक स्टेशनाच्या बाजूला, दुसरं बाजाराच्या पलीकडे. मालक मुंबईला राहत. कायदा नागपुरात राहत असे. वऱ्हाड नावाला निजामाचं, कारभाराला इंग्रजाचं आणि कागदोपत्री मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळं आमच्या वाटेला येणारी प्रत्येक गोष्ट कुठून तरी लांबून यायची. तर कायदा असा होता, की लाटेभोवती जाळी हवी. मालकांनी कायद्याचा मान राखून एक जाळी करवून घेतली. दोन जिनांत मिळून एक.

लोखंडी पट्टीच्या सहा चौकटी, प्रत्येकीला चार बोल्ट. साहेब सकाळच्या पॅसेंजरनं यायचे. ते न कळवता येतात अशी त्यांची समजूत होती, पण आदल्या दिवशी मलकापूरची जिनं पाहायला ते उतरले की आमच्याकडे तारेनं कळायचं. साहेब आधी स्टेशनजवळचं जिन पाहत, जाळीला हात लावून बघत, वहीत लिहीत. मग मॅनेजर त्यांना ऑफिसात नेत. बालूशाही, केळी, चहा. तेवढ्या वेळात मी चोवीस बोल्ट काढायचे, गाडीवान धोंडूच्या बंडीत सहा चौकटी घालायच्या आणि बाजारामागून फिरून दुसऱ्या जिनात जाऊन बसवायच्या. चहा पिऊन साहेब तिथं पोचत, तेव्हा जाळी त्यांच्या स्वागताला हजर असे. एका वर्षी तर साहेबांच्या बोटाला हिरवा रंग लागला. मॅनेजर म्हणाले, "आपण येणार म्हणून मुद्दाम रंगवली." त्यात खोटं काहीच नव्हतं.

तुम्ही विचाराल, केलीच आहे तर ती जाळी एका जिनात तरी कायम का ठेवत नव्हते? मीही विचारलं होतं, पहिल्याच वर्षी. मॅनेजर म्हणाले, "किसन, पट्टा उतरला तर काय करशील?"

"इंजिन बंद करून चौकट काढीन, पट्टा चढवीन."

"आणि जाळी नसली तर?"

"चालत्या लाटेवर चढवीन."

"मग?" एवढंच म्हणून त्यांनी हात पसरले, जणू सगळं मीच बोललो होतो.

शिवाय बोळात कापूस आणि सरकी पडत राहायची, ती गोळा करायला बायांना आत पाठवत. जाळी असती तर त्यासाठीही इंजिन थांबवावं लागलं असतं. इंजिन थांबणं हे मॅनेजरच्या दृष्टीनं माणूस मरण्याइतकं वाईट होतं. यात मी अतिशयोक्ती करतो आहे असं मला पूर्वी वाटायचं.

असं मी सहा वर्षं केलं. सहा वर्षांत चोवीस बोल्ट काढायचा माझा वेळ अर्ध्या तासावरून पाव तासावर आला. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला सांगू?

सातव्या वर्षी साहेब येऊन गेले आणि त्यानंतर आठ दिवसांनी यमुना लाटेत सापडली.

यमुना आणि काशी या दोघी जावा. जिनात शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. काशी मोठी, बोलायला तिखट. यमुना धाकटी, कामाला चपळ, म्हणून मुकादम बोळात पाठवायला नेहमी तिलाच हाक मारायचा. त्या दिवशी ती वाकून सरकी पाटीत भरत होती. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला होता, तो सुटला. घरच्या कामात पदर सुटला तर बाई तो परत खोचते. लाटेनं तिला तेवढा वेळ दिला नाही. मी इंजिनाकडे धावलो, वाफ बंद केली, पण लाट लगेच थांबत नसते. फिरत फिरत थांबते. यमुनेचा जीव वाचला. उजवा हात कोपरापासून गेला.

आठ-दहा दिवसांनी चौकशीला एक अंमलदार आले. ऑफिसात टेबलाशी बसून त्यांनी मला बोलावलं. शेजारी मॅनेजर उभे होते.

"लाटेभोवती जाळी होती का?"

"होती, साहेब. मी स्वतः बसवली होती."

त्यांनी लिहून घेतलं. जाळी काढली का, कधी काढली, कोणी काढली, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी एकही खोटा शब्द बोललो नव्हतो. त्यावरच चौकशी संपली. कागदावर यमुनेचा निष्काळजीपणा लागला. मॅनेजरनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला आजही नको वाटतो, पण त्या दिवशी मी तो झटकला नाही.

काशी त्यानंतर हंगामभर माझ्याशी बोलली नाही. मी तेलाची झारी घेऊन तिच्या जिनापाशी गेलो की ती तोंड फिरवायची. बाकीच्या बाया मला 'मिस्त्री' म्हणत. ती दुसऱ्या कुणाशी बोलताना, पण मला ऐकू जाईल असं, 'जाळीवाले' म्हणायची.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर जिन पुन्हा सुरू झालं. साहेब येण्याची खबर लागली त्या सकाळी काशी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. सबंध वर्षात पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलत होती.

"मिस्त्री, औंदा जाळी काढू नका."

"माह्या हातात नाई थे, काशीबाई. मॅनेजर सांगतात."

"पाना कोनाच्या हातात असते? मॅनेजरच्या?"

मी म्हणालो, "मी नाई काढली तं दुसरा कोनी काढीन. मले काढून टाकतीन अन् दुसरा फिटर आनतीन."

"मंग काढू द्या दुसऱ्याले," ती म्हणाली. "त्याले आमी पाहून घेऊ. तुमी काऊन काढता?"

 तिनं उत्तराची वाटही पाहिली नाही. कापसाची पाटी उचलून ती आपल्या जिनापाशी गेली.

मी शूर माणूस नाही. मॅनेजरपुढं जाऊन 'काढणार नाही' म्हणायची माझी छाती नव्हती. पण मी लोहाराचा मुलगा आहे, आणि लोहाराला काही गोष्टी न बोलता करता येतात. त्या दुपारी जिनांचे रूळ घासायला म्हणून इंजिन बंद होतं. मी छोटी भट्टी बोळाच्या तोंडाशी आणली. चौकटी बसवल्या आणि मग बोल्टांची टोकं लाल करून नटांवर ठोकून बसवली, चपटी. सुताराला खिळा, तसा लोहाराला रिवेट. एकदा असा ठोकला की तो पान्यानं निघत नाही, छिन्नीनं तोडावा लागतो, आणि अडचणीच्या बोळात वाकून एक तोडायला चांगला पाऊण तास जातो. पाच चौकटी अशा पक्क्या केल्या. सहावी बोल्टांवर ठेवली, तेलपाण्यासाठी आणि पट्ट्यासाठी, आणि तिला कुलूप घातलं. मॅनेजर एकदा डोकावून गेले. भट्टी पाहून म्हणाले, "शाब्बास, यंदा मजबूत बसवतो आहेस."

साहेब आले. टोपी काढली, घाम पुसला. त्या वर्षी त्यांचं पोट बिघडलेलं होतं, त्यामुळं चेहरा नेहमीपेक्षा जास्त सरकारी दिसत होता. जाळी हलवून पाहिली. ती हलेना. पुन्हा हलवली. वहीत लिहिलं आणि मॅनेजरबरोबर ऑफिसात गेले.

मी पाना घेऊन बोळात उतरलो. बाहेर धोंडूची बंडी तयार. बाया कापूस चारत होत्या, पण सगळ्यांची नजर माझ्याकडे. मी पहिल्या नटाला पाना लावला, जोर केला. लोकांना दिसावं म्हणून घाम येईपर्यंत केला. पाव तासानं मॅनेजर ऑफिसातून पळत आले.

"झालं का?"

"निघून नाई राह्यलं, साहेब."

"म्हणजे काय? दरवर्षी निघतं!"

"औंदा मजबूत बसलं."

मॅनेजरनी वाकून नट पाहिला. त्यांनी तसा नट यापूर्वी कधी पाहिला नसावा, पण हा नट नेहमीचा नाही, एवढं त्यांना कळलं. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. मोठ्यानं ओरडताही येत नव्हतं, कारण वीस पावलांवर साहेब चहा पीत होते. ते मला कुजबुजत शिव्या द्यायला लागले. कुजबुजत दिलेली शिवी फार हास्यास्पद वाटते. वरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"छिन्नी घे! तोड!"

मी छिन्नी घेतली. तोडायला लागलो. हळू.

मॅनेजर परत ऑफिसात पळाले. त्या दिवशी साहेबांना दुसरा चहा मिळाला. मग पपई मिळाली. बिघडलेल्या पोटाचे साहेब पपई पाहून खूश झाले असतील तर तेवढं पुण्य मॅनेजरच्या नावावर मांडावं. मग त्यांना आग विझवायच्या वाळूच्या बादल्या दाखवल्या, एकेक. मग मारुतीचं देऊळ. तोवर माझा एक रिवेट तुटला होता. पाच चौकटींचे वीस, त्यातले एकोणीस बाकी होते.

देवळाहून परत येताना साहेब सरळ बोळापाशी आले. मॅनेजर मागून हातवारे करत होते, ते मला दिसत होतं आणि साहेबांना दिसत नव्हतं, किंवा दिसत असूनही ते पाहत नव्हते. मी छिन्नी मागं लपवली. साहेबांनी तुटलेला रिवेट पाहिला, बाहेरची बंडी पाहिली, आणि मला म्हणाले,

"मिस्त्री, दरवर्षी ही जाळी मला दोनदा दिसते. यंदा एकदाच दिसणार वाटतं."

मॅनेजर हसले. साहेब हसले नाहीत.   आणि तेवढ्यात वरून, जिनापासून, काशीचा आवाज आला. तिनं कापूस चारायचं थांबवलं होतं.

"साहेब, म्हंजे तुमाले मालूम होतं?"

साहेबांनी वर पाहिलं. एखादी बाई आपल्याशी बोलेल याची त्यांना सवय नव्हती.

"माह्या जावेचा हात गेला मांगच्या साली," काशी म्हणाली. "तुमी येऊन गेल्यावर आठ दिसांनी. तुमाले मालूम होतं तं तुमी काऊन नाई बोलले?"

  साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं, बघितलं, आणि म्हणाले, "माझी गाडी आहे." मग वही उघडून त्यांनी काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या जिनाकडे निघाले. मॅनेजर मागून, बंडी रिकामी.

दुसऱ्या जिनात जाळी नव्हती. ती नाही, असं साहेबांना लिहावं लागलं. वरून नोटीस आली. मालकांनी मुंबईहून दुसरी जाळी करायला सांगितली. त्या जिनात महिन्याभरात जाळी लागलीसुद्धा, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या बारीक तारेची. म्हणजे मालकांच्या मनात आलं असतं तर सात वर्षांपूर्वीच महिन्याभरात दोन्ही जिनांत जाळी लागली असती. एवढ्या साध्या गोष्टीसाठी एका बाईचा हात आणि एका साहेबाचं पोट खर्ची पडलं.

मला अर्थातच काढून टाकलं. त्याच संध्याकाळी. मॅनेजर आता मोठ्यानं बोलू शकत होते आणि त्यांनी सकाळची सगळी कसर भरून काढली.

जाण्याआधी मी यमुनेच्या घरी गेलो. ती ओसरीत बसून डाव्या हातानं तूर निवडत होती. सूप पायाच्या अंगठ्यानं धरलेलं. मी वाटेत सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. चौकशीत मी अर्धंच बोललो, जाळी मी बसवली तशी मीच काढली होती, त्या दिवशी ती नव्हती, हे सगळं तिला सांगितलं आणि माफी मागितली. वाटलं होतं ती रडेल किंवा शिव्या देईल. दोन्हीची माझी तयारी होती.

ती तुरीतला खडा बाजूला टाकत म्हणाली, "आता सांगून राह्यले तुमी? मले सांगून काय उपेग, मिस्त्री? मी तं तिथंच होती. ज्याईनं लिहून घेतलं त्याईले सांगा."

मी दोन दिवसांनी तहसिलीत गेलो. कारकून म्हणाला, साक्षीत बदल करायचा तर अर्ज करा. एका अर्जनविसाकडून लिहवून घेऊन अर्ज दिला. त्याची पोच मिळाली, शिक्क्यासकट. उत्तर आलं नाही. मध्यंतरी इंग्रज गेले, आता ऐकतो की वऱ्हाड मध्य प्रदेशातूनही जायचं चाललं आहे. मला वाटतं, त्या अर्जाला आता नेमकं कोणत्या सरकारनं उत्तर द्यायचं यावरच विचार चालू असावा. यमुनेला काही मिळालं नाही. मी त्या दिवशी टेबलाशी आणखी चार शब्द बोललो असतो तर कदाचित मिळालं असतं. मी नंतर कितीही रिवेट ठोकले तरी ते चार शब्द त्यात बसत नाहीत.

गावी परतलो. भाता वडिलांच्या मागं थंड पडला होता. म्हटलं, पुन्हा पेटवू. पेटवला. गावकरी येऊन गप्पा मारून जायचे, काम घेऊन कुणी येत नव्हतं. फाळ नांदुऱ्याच्या बाजारात तयार मिळत होते, विळे तयार मिळत होते, एका कास्तकारानं तर लोखंडी नांगरच आणला होता, कुठल्याशा कारखान्याचा, रंग लावलेला. त्याचा एक बोल्ट ढिला झाला होता तो मी आवळून दिला. त्या हंगामात गावानं मला दिलेलं ते सगळ्यात मोठं काम. मी कारखान्यात गेलो म्हणून गावात लोहार राहिला नाही, आणि कारखाने आले म्हणून गावाला लोहार लागला नाही. आम्ही दोघांनी एकमेकांना सोडलं, आणि कुणी आधी सोडलं यावर भांडायलाही जागा नाही.

पुढच्या दसऱ्याला जिनातून माणूस आला. माझ्या जागी ठेवलेल्या फिटरनं रूळ असे घासले होते, की सरकीही रुईबरोबर पलीकडे जात होती. मॅनेजरची अट एकच, माफी मागायची. मी मागितली. मला ते फारसं जड गेलं नाही. ज्या माणसाची मागायला हवी होती तिची मागून झाली होती आणि तिनं ती घेतली नव्हती. त्यापुढं मॅनेजरची किती सोपी!

पहिल्याच दिवशी सकाळी शेडमध्ये गेलो तर मॅनेजर बाहेरगावच्या दोन व्यापाऱ्यांना जिन दाखवत होते. जाळीवर हात ठेवून सांगत होते, "आमच्या मालकांचं धोरणच असं. कामगारांची काळजी. पाहा, कायमची पक्की करून टाकली आहे, पान्यानंही निघायची नाही." व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. मी तेलाची झारी भरत राहिलो.

ते गेले, बाया कामावर आल्या, थोड्या वेळानं मी बोळाकडे वळलो आणि पाहतो तर काय, जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बायांची भाकरीची गठुडी टांगलेली. लाल, पिवळी, विटकी फडकी, तारेत अडकवलेल्या गाठी. कुणाचं तरी तान्हं पोरही जवळच झोळीत. फिटर म्हणून माझं डोकं फिरलं.

"हे कोनी टांगलं? काढा आधी! मशिनीवर काई टांगायचं नसते!"

काशी जिनापुढून मागं वळली. "मशिनीवर कुठं हाये, मिस्त्री? जाळीवर हाये. लाट तिकडे, आमी इकडे. जाळी कायले बसवली मंग?"

 नियमात ते बसत नव्हतं, पण तिचं चुकीचं आहे हेही मला सांगता येईना. हातात माझ्याही भाकरीचं फडकं होतं. मी जरा हसून म्हणालो, "बरं, मंग माह्यंही लावू का इथंच?"

बाकीच्या बाया हसल्या. काशी हसली नाही. तिनं माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं.

"तुमी नका लावू," ती म्हणाली. "तुमच्या हातात पाना हाये. तुमी जाळीजवळ आले की आमाले अजून भेव वाटते."

मी गठुडं घेऊन इंजिनघरात गेलो, तिथल्या खुंटीला अडकवलं, आणि वाफ सोडली.